तहानलेल्या झाडाची बाजू

खारवट जमिनीत झाड आणि धान्य एकत्र नांदत नाहीत, हे मत शेतीखात्याच्या बैठकांपासून पारावरच्या गप्पांपर्यंत इतकं रुजलं आहे की त्याला कुणी पुरावाच मागत नाही. जमीन थोडी बिघडली असेल तर बांधावरची झाडं तोडा, निचरा करा आणि पीक घ्या. फारच बिघडली असेल तर पिकाचा नाद सोडा आणि निलगिरी नाहीतर वेडी बाभूळ लावून मोकळे व्हा. थोडक्यात, पीक किंवा झाड, दोहोंपैकी एक. हे मत मला चुकीचं वाटतं. त्याला जो शास्त्रीय आधार दिला जातो, त्याचा मोठा भाग मी राहतो त्या हैदराबादेत तयार झाला. म्हणून त्याची उलटतपासणीही इथूनच सुरू करतो.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. नायजेरियातल्या इबादान इथल्या उष्णकटिबंधीय शेती संस्थेने झाडांच्या रांगांमधून पीक घेण्याची पद्धत पुढे आणली आणि १९८०च्या दशकात तिचा जगभर बोलबाला झाला. शेंगवर्गातल्या झाडाच्या दाट रांगा लावायच्या, दोन रांगांमधल्या पट्ट्यात धान्य पेरायचं, झाडं वरचेवर छाटायची आणि पाला त्याच मातीत घालायचा. हैदराबादजवळ पटांचेरूला १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतही सुबाभळीच्या रांगांत बाजरी, ज्वारी घेऊन पाहिली गेली. अपेक्षा मोठी होती, पण पदरी निराशा आली. रांगा जितक्या जवळजवळ, तितकं धान्य कमी. पाल्याने माती सुधारत असली तरी तो फायदा तोटा भरून काढत नव्हता.

तोटा नेमका कशाचा, हे शोधण्यासाठी इथल्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेतल्या आणि इक्रिसॅटमधल्या संशोधकांनी मिळून एक साधा, पण अतिशय नेमका प्रयोग केला. १९८९ साली तो प्रसिद्ध झाला. सुबाभळीची रांग आणि पिकाची पहिली ओळ यांच्यामध्ये त्यांनी जमिनीत चर खणला आणि त्यात पॉलिथिनचा पडदा उभा पुरला. वरचं काहीच बदललं नाही: झाड तेच, सावली तीच, वारा तोच. फक्त झाडाच्या मुळांना पिकाच्या मातीत शिरायची वाट बंद झाली. पडदा पुरला तिथे पीक सावरलं. पडदा नव्हता तिथे रांगेलगतच्या ओळी खुरटल्याच. म्हणजे झाड पिकाचं ऊन खात होतं ही तक्रार दुय्यम ठरली. खरा तंटा जमिनीखाली होता, आणि तो पाण्यावरून होता. या एका प्रयोगाने कितीतरी वर्षांचा घोळ मिटवला. शेतीशास्त्रात अशी स्वच्छ उत्तरं फार थोड्या वेळा मिळतात.

इथपर्यंत सगळं मान्य. चूक पुढे होते. या निकालातली एक अट वगळून त्याचा नियम केला जातो. हैदराबाद परिसरातली ती शेती पावसावर जगणारी. वर्षाला साडेसातशे-आठशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी; भूजल पिकाच्या मुळांच्या आवाक्याबाहेर खोल. अशा जमिनीत झाडाने घेतलेला घोट हा ज्वारीच्या तोंडचा घोट असतो, हे उघड आहे. पण खारवट झालेल्या बागायती जमिनीत पिकाला पाणी कमी पडतं म्हणून ते मरत नाही. तिथे खाली पाणी फार साठलेलं असतं म्हणून पीक मरतं. तिथला रोगच उलटा आहे. ज्या गुणामुळे पटांचेरूत झाड दोषी ठरलं, त्याच गुणासाठी या दुसऱ्या जमिनीला झाड हवं आहे. एका जमिनीवरचा निकाल दुसरीवर लावताना हा फरक कुणी पाहिलाच नाही.

महाराष्ट्राला हा रोग नवा नाही. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत, १९१० साली, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातले हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर मुंबई सरकारच्या शेतीखात्यासाठी स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. कालवा पाझरतो, उसाला पाटाने भरमसाठ पाणी दिलं जातं, काळी माती ते झटकन खाली सोडत नाही आणि भूजल वर चढू लागतं. ते जमिनीपासून दीड-दोन मीटरवर आलं की मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी आपोआप वर ओढलं जातं. उन्हाने पाणी उडून जातं आणि त्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागावर बसतात. पुढे हीच गत कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठी झाली. शिरोळ, मिरज, वाळवा तालुक्यांत क्षारपड हा शब्द आज पोरासोरांनाही कळतो.

आता अशा जमिनीत झाड लावलं तर काय होतं? याचं उत्तर हरियाणात हिसार जिल्ह्यातल्या पुठी गावी मिळालं. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेतले आणि हरियाणा वनखात्यातले संशोधक या कामात होते. निष्कर्ष २०११ साली छापून आले. कालव्याच्या पाण्याने पाणथळ झालेल्या शेतात त्यांनी ६६ मीटर अंतरावर मातीचे वरंबे घातले, त्यांवर निलगिरीच्या दोन-दोन ओळी लावल्या आणि मधल्या पट्ट्यांत गहू घेतला. हेक्टरी साधारण २४० झाडं, म्हणजे जमिनीचा अगदी थोडा भाग वरंब्यांखाली. तीन वर्षांत झाडांच्या पट्ट्यांखालची पाण्याची पातळी ०.८५ मीटरने उतरली. झाडांनी वर्षाला सरासरी २६८ मिलिमीटर पाणी उपसलं, आणि तिथला त्या काळातला सरासरी पाऊस होता २१२ मिलिमीटर. मधल्या पट्ट्यांतला गहू शेजारच्या, झाडं नसलेल्या पाणथळ शेतातल्या गव्हाच्या ३.३४ पट आला. तुलना बुडीत शेताशी आहे, त्यामुळे हा आकडा फुगलेला आहे असं कुणी म्हणेल. पण त्या शेतकऱ्यासमोर दुसरा पर्याय तेच बुडीत शेत होतं. त्याने तुलना आणखी कशाशी करायची?

निलगिरीवर आपल्याकडे राग आहे आणि तो अकारण नाही. कोलारसारख्या कोरड्या जिल्ह्यांत ती भूजल शोषते म्हणून कर्नाटक सरकारने २०१७ साली तिच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. कोलारसाठी तो निर्णय मला योग्य वाटतो. पुठीतला निर्णयही योग्य. झाड दोन्हीकडे एकच आहे. बदललं आहे ते पाण्याचं अंतर.

याहून मोठा, आणि दुर्दैवाने कुणी ठरवून न केलेला प्रयोग पश्चिम ऑस्ट्रेलियात होऊन गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथल्या वसाहतवाल्यांनी लाखो हेक्टरांवरची रानं तोडली आणि गहू पेरला. झाड गेलं की गव्हाला सगळं पाणी मिळेल, हाच विचार होता. रेल्वेच्या इंजिनांना लागणारं पाणी हळूहळू खारट होऊ लागलं तेव्हा डब्ल्यू. ई. वुड नावाच्या रेल्वे इंजिनिअरने कारण शोधायला सुरुवात केली. १९२४ साली त्याने निबंध लिहून दाखवून दिलं, की मूळची झाडं वर्षभर खोलवरचं पाणी पीत होती. काही महिने उभा राहणारा, उथळ मुळांचा गहू ते काम करू शकत नाही. न प्यालेलं पाणी खाली मुरलं, भूजल चढलं आणि हजारो वर्षं खोल मातीत निजलेले क्षार वर आले. सिंचनाचा एक थेंबही न देता खारवटलेली ती जमीन आज दहा लाख हेक्टरांच्या घरात आहे. झाड पिकाचं पाणी खातं म्हणून ते उपटा, असा सल्ला देणाऱ्याने गव्हाच्या त्या पट्ट्याचा नकाशा एकदा समोर ठेवावा.

प्रतिपक्षाचा सगळ्यात बळकट मुद्दा मात्र वेगळा आहे आणि तो टाळून चालणार नाही. झाड पाणी पितं, क्षार पीत नाही. मुळं बहुतेक क्षार बाहेरच ठेवतात. जे आत जातात, त्यांतले बरेच पानगळीतून पुन्हा मातीत येतात. ऑस्ट्रेलियातल्याच व्हिक्टोरिया राज्यात कायाब्राम इथल्या निलगिरीच्या लागवडीखाली भूजल खाली गेलं, पण झाडांच्या मुळांशी क्षार साठत गेले. ह्यूपरमन यांनी १९९९ साली त्याची मांडणी केली आहे. म्हणजे झाडाने दुखणं फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवलं, असा आक्षेप.

या आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष खरा नाही. क्षार धुण्याचं काम झाडाचं नाहीच. ते पावसाचं आहे. भूजल वरपर्यंत भरलेलं असताना पडणाऱ्या पावसाला खाली जायला जागा नसते. तो साचतो, वाहून जातो किंवा उडून जातो आणि क्षार होते तिथेच राहतात. पातळी मीटरभर उतरली की त्याच पावसाला वाट मिळते आणि पिकाच्या मुळांच्या थरातले क्षार तो खाली ढकलतो. झाड ती जागा करून देतं. शिवाय पाणथळपणा आणि क्षार यांचा मारा एकत्र असतो तेव्हा पिकाची हानी दोन्हींच्या बेरजेहून जास्त होते, कारण हवेविना गुदमरलेल्या मुळाला सोडियम बाहेर ठेवता येत नाही. झाडाने पातळी उतरवली की तेवढ्याच खाऱ्या मातीत गहू जास्त तग धरतो. कायाब्रामचा धडा असा की, सलग झाडोरा लावून वर्षानुवर्षं तसाच ठेवू नये. पट्टे विरळ असावेत, झाडं पाच-सहा वर्षांनी कापावीत, आणि जिथे उतार आहे तिथे क्षारयुक्त पाणी बाहेर काढणारा चर किंवा पाइप जोडीला असावा. धान्यासोबत झाड, हाच त्या धड्याचा अर्थ निघतो.

पाइप म्हटलं की शिरोळ आठवतं. तिथे दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी गटाने एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले आणि वर्षानुवर्षं पडून असलेल्या जमिनी पुन्हा लागवडीखाली आणल्या. हे काम मोठं आहे, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यातून ‘पाइप टाकला, आता झाडाचं काय काम?’ असा जो सूर निघतो तो पटत नाही. पाइपाला तोंड लागतं आणि त्या तोंडाखाली उतार लागतो. नदीला फुगवटा आला की नाल्याचं पाणी मागे सरतं आणि पाइप नुसता भरून राहतो. ज्याची जमीन खोलगट आहे, ज्याचा शेजारी चर काढू देत नाही, ज्याच्याकडे वर्गणी भरायला पैसा नाही, त्याला पाइप मिळणार कुठून? त्याच्या बांधावर झाडाची रांग उभी राहू शकते. आणि पाइपातून निघालेलं खारं पाणी शेवटी ज्या नाल्यात पडतं, त्या नाल्याच्या दोन्ही काठांनाही झाडांची गरज आहेच.

आणखी एक गोष्ट इथे बोलली पाहिजे. जमीन सुधारली की पहिलं पीक कोणतं? बहुतेक ठिकाणी पुन्हा ऊस. ज्या पिकाने जमीन बुडवली, तेच. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता मोजून कोणतं पीक किती क्षार सोसतं, हे शास्त्राने केव्हाच मांडून ठेवलं आहे. उसाचं उत्पादन १.७ डेसिसायमन प्रति मीटरपासूनच घसरू लागतं, मक्याचंही तिथेच. भात ३ पर्यंत टिकतो, गहू ६ पर्यंत, ज्वारी ६.८ पर्यंत आणि सातू ८ पर्यंत. चारच्या पुढे जमिनीला खारवट म्हणायचं ही शास्त्राची व्याख्या आहे. म्हणजे व्याख्येने खारवट ठरलेल्या जमिनीतही गहू आणि ज्वारी पूर्ण पिकू शकतात आणि उसाच्या मानाने त्यांना पाणीही कितीतरी कमी लागतं. इक्रिसॅटमध्ये बाजरी आणि ज्वारीची शेकडो वाणं खाऱ्या पाण्याच्या कुंड्यांत वाढवून पाहिली, तेव्हा एकाच पिकाच्या वाणावाणांत क्षार सोसण्याचा फरक मोठा निघाला. कर्नालच्या संस्थेने गव्हाची के. आर. एल. २१० आणि भाताची सी. एस. आर. ३६ अशी वाणं याच कामासाठी दिली आहेत. ‘खाऱ्या जमिनीत धान्य पिकत नाही’ हे वाक्य त्यामुळे जसंच्या तसं घेता येत नाही. कोणतं धान्य, कोणतं वाण आणि पाणी किती खोल, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

हैदराबादहून पूर्वेला मुसीच्या काठाने खाली उतरलं की हे सगळं डोळ्यांनी दिसतं. शहराचं सांडपाणी नदीत येतं, नदीतून कालव्यांत आणि तिथून शेतात. साबण, लघवी, स्वयंपाकघरातलं मीठ, सगळे क्षार त्यात असतात आणि पाणी बारमाही असल्याने जमिनीला सुकायला सवडच नसते. पीरजादीगुड्यापासून पुढे पूर्वीच्या भातखाचरांत आता मैलोनमैल पॅरा गवत उभं आहे. शहरातल्या म्हशींना त्याचा चारा लागतो आणि भाताला न झेपणारे क्षार ते झेलतं. उन्हाळ्याच्या तोंडी एखाद्या वाफ्याशी वाकून पाहा. वाफ्याच्या तळाशी चिखल काळाभोर असतो, वरंब्याच्या टोकाला मात्र पांढरी भुकटी जमलेली असते. बोटाने उचलली तर तुरटीसारखी चुरडते. इथले शेतकरी अशा जमिनीला चौडू म्हणतात. त्याच बांधांवर शिंदीची झाडं मात्र ताठ उभी आहेत, कारण खारं पाणी शिंदीला नवं नाही. ती कुणी जमीन सुधारण्यासाठी लावलेली नाहीत. ताडीसाठी राखली आहेत. एखाददुसरी शिंदी पाण्याची पातळी काय उतरवणार! पण बांधाबांधाने तिच्या जोडीला करंज, अर्जुन, सुरू यांच्या रांगा आल्या आणि मधल्या खाचरात क्षार सोसणारा भात आला, तर या काठाला गवताखेरीज दुसरं भविष्य आहे, असं मला वाटतं.

आता माझ्याच पक्षातल्या अतिउत्साही मंडळींना आवरलं पाहिजे. देशातल्या क्षारबाधित जमिनीचा ६७.३ लाख हेक्टर हा आकडा जिकडेतिकडे दिला जातो. हैदराबादच्याच दूरसंवेदन संस्थेने उपग्रहाच्या छायाचित्रांवरून केलेल्या नकाशांचा त्याला आधार आहे. पण त्या आकड्यात दोन वेगळे रोग एकत्र आहेत. सुमारे ३७.७ लाख हेक्टर चोपण आहे, उरलेली २९.६ लाख हेक्टर खारवट. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसतो, माती विस्कटते, पाणी खाली जिरतच नाही. तिथे झाडाने पाणी पिण्याचा उपयोग थोडा. उपयोग आहे तो मुळांचा आणि पाल्याचा. मुळं श्वास घेतात, पाला कुजतो, त्यातून मातीतली चुनखडी विरघळते आणि सुटा झालेला कॅल्शियम सोडियमला हाकलतो. कर्नालला अशा जमिनीत गिरमिटाने मीटर-सव्वा मीटर खोल भोकं पाडून, त्यांत जिप्सम आणि शेणखत भरून वेडी बाभूळ लावली आणि मध्ये क्षार सोसणारं गवत घेतलं. चार-पाच वर्षांनी त्याच जमिनीत बरसीमसारखा नाजूक चारा येऊ लागला. इथे झाड आधी, पीक मागाहून, असा क्रम आहे.

विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तिसऱ्याच जातीचा. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतला हा पट्टा कालव्याने बिघडलेला नाही, मुळातच तसा आहे. भूजल खारं, माती चिकण काळी, शेती पावसावरची. काळ्या मातीत सोडियमचं प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर गेलं तरी पाणी मुरणं मंदावतं. पुस्तकातली पंधरा टक्क्यांची मर्यादा तिथे लागू पडत नाही. तिथल्या कपाशी-ज्वारीत निलगिरीचे पट्टे घाला असं मी कधीच सांगणार नाही. तिथे पटांचेरूचाच निकाल खरा ठरेल. तिथे जिप्सम, शेततळं, ताग-धैंचाचं हिरवळीचं खत आणि बांधावर मोजकी बाभूळ, एवढंच पुरे. पुठीतलं ६६ मीटरचं अंतरही कृष्णाकाठी जसंच्या तसं उचलू नये. हरियाणाच्या गाळाच्या मातीत पाणी बाजूला जितकं सहज सरकतं, तितकं काळ्या मातीत सरकत नाही, म्हणून तिथे पट्टे जवळ घ्यावे लागतील.

झाड-धान्याच्या सोबतीचा जुना दाखलाही आपल्याकडे आहे. गोव्यात खाडीकाठची खाजन शेती शतकानुशतकं चालत आली आहे. तिथे बांधाबाहेर खारफुटी आणि बांधाआत कोरगुट भात, अशी वाटणी आहे. भरतीचा मार खारफुटी झेलते, बांध टिकतो, पावसाने मीठ धुतलं की आत धान्य येतं. झाड आणि धान्य खाऱ्या मातीत शेजारी राहू शकत नाहीत, असं म्हणणाऱ्याला तिथला भातशेतकरी काय उत्तर देईल, ते मी सांगायला नको.

सांगली-कोल्हापूरकडच्या आणि बारामतीकडच्या बागायतदारांना माझी विनंती आहे. बांधावरच्या झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी, आणि कुणाच्या सांगण्यावरून नवी लावण्याआधीही, शेतात दोन-तीन ठिकाणी गिरमिटाने अडीच मीटर खोल भोक पाडा, त्यात छिद्रं पाडलेला पाइप उभा करा आणि पाणी किती खाली आहे ते दिवाळीला एकदा व मे महिन्यात एकदा मोजा. ते दोन मीटरच्या आत असेल तर झाड तुमच्या गव्हाचा, शाळूचा सोबती आहे. बांधाने रांग धरा आणि दोन-तीन वर्षं तरी तिथे ऊस घेऊ नका. पाणी त्याहून खोल असेल आणि शेती पावसावरची असेल, तर झाडांची गर्दी करू नका. आणि साखर कारखान्यांनी निचऱ्याच्या योजनेत पाइपाच्या खर्चाबरोबर झाडांच्या रांगांचा आणि धान्याच्या बियाण्याचा खर्चही धरावा.